गिनी पिगची वाढलेली नखं कशी कापायची, आणि सगळी एकाच दिवशी का नाही कापायची

मिरी आमच्याकडे आली तेव्हा चार वर्षांची होती. नाशिकला इंदिरानगरमध्ये आमच्या मागच्याच सोसायटीत एक कुटुंब होतं, त्यांची बदली झाली आणि तुमच्याकडे एक आहेच तर हिला पण ठेवाल का म्हणून पिंजऱ्यासकट आणून दिली. आमची बुंदी तेव्हा वर्षाची, तिची नखं मी महिन्यातून एकदा कापायचे, पाच मिनिटांचं काम. मिरीला मांडीवर घेतलं आणि पाय बघून पोटात गोळाच आला. पुढच्या पायांची नखं विळ्यासारखी आत वळलेली, मागच्या डाव्या पायाचं एक नख तर इतकं फिरलेलं की पाय टेकवला की ते बोटच आडवं पडायचं.

माझी चूक काय झाली ते आधी सांगते, कारण हा लेख त्यासाठीच लिहितेय. मला वाटलं बिचारीला इतके महिने त्रास झालाय, आजच्या आज सगळी नखं बुंदीएवढी करून टाकू, आणि तिसऱ्याच नखाला रक्त आलं, ते पण चांगलं टपटप. बुंदीचं नख जिथे कापते त्याच अंदाजाने मिरीचं कापायला गेले होते. पण नख वाढतं तशी आतली रक्ताची शीर पण त्याच्याबरोबर पुढे सरकलेली असते. म्हणजे लांब नखात शीर पण लांब, त्यामुळे खूप वाढलेलं नख एका दिवसात नॉर्मल साइजचं होऊच शकत नाही. आज टोकाचं जेवढं सुकं आहे तेवढंच कापायचं, मग आठ-दहा दिवस थांबायचं, तेवढ्यात शीर थोडी मागे जाते, मग परत थोडं. मिरीला जवळपास अडीच महिने लागले.

आधी नख समजून घ्या

गिनी पिगच्या पुढच्या पायांना चार-चार बोटं आणि मागच्या पायांना तीन-तीन, म्हणजे एकूण १४ नखं. दर वेळी मोजून कापा, कारण एखादं केसांमध्ये लपलेलं राहून जातं आणि नेमकं तेच पुढे वळतं. नखाचा बाहेरचा भाग आपल्या नखासारखाच, कापला तर दुखत नाही. आत मुळापासून काही अंतरापर्यंत रक्तवाहिनी आणि नस असते, तिथे कात्री लागली की रक्त येतं आणि खरंच दुखतं. पांढरट नखात ती गुलाबी दिसते. काळ्या नखात दिसत नाही. नखाचा रंग साधारण त्या पायाच्या कातडीच्या रंगावर असतो, म्हणून एकाच गिनी पिगला दोन पायांची नखं काळी आणि दोन पायांची पांढरी असं पण असतं, बुंदीचं तसंच आहे.

रानात त्यांची नखं दगडमातीवर झिजत असणार. हे मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचे प्राणी, आपण त्यांना मऊ कापडावर नाहीतर गवतावर ठेवतो (आणि तेच बरोबर आहे, खडबडीत जमिनीने तळवे सोलतात), मग झिजायचं काम आपल्यालाच कात्रीने करावं लागतं. साधारण तीन-चार आठवड्यांनी एकदा. वय झालं की नख जाड होतं आणि लवकर वळतं, मग जरा आधी.

वाढलंय हे कसं ओळखायचं? सपाट जागेवर उभं करून बाजूने बघा. नख बाजूला वळलेलं असेल, खाली आत गुंडाळत असेल किंवा त्याच्यामुळे बोट उचललं जात असेल तर वाढलेलं आहे. फरशीवर चालताना टकटक आवाज येतो ती पण एक खूण. तसंच राहू दिलं तर पाय वाकडा पडतो, सगळा भार तळव्याच्या एकाच भागावर येतो, तिथे लाल होतं, मग जखम, सूज, आणि तळव्याचं इन्फेक्शन एकदा आत गेलं की महिनोन् महिने बरं होत नाही. कधी कधी नख गोल फिरून तळव्याच्या गादीतच घुसतं.

असं घुसलेलं असेल, तळवा सुजलेला किंवा खपली धरलेला असेल, पू दिसत असेल, तर घरी हात लावू नका, सरळ डॉक्टरांकडे न्या. फक्त जायच्या आधी फोन करून विचारा की गिनी पिग किंवा ससे बघता का, कारण बऱ्याच ठिकाणी कुत्र्या-मांजरांचीच प्रॅक्टिस असते. आणि एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा, मेडिकलमधून अमॉक्सिसिलिन वगैरे आणून स्वतःच्या मनाने पाजू नका. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं गिनी पिगच्या पोटात गेली की आतड्यातले चांगले जिवाणू मरतात आणि जीव जाऊ शकतो.

सामान

मांजराची नखं कापायची छोटी कात्री येते, पात्याला अर्धगोल खाच असलेली, ती सगळ्यात बेस्ट. पेट शॉपमध्ये मिळते. कुत्र्यांचं मोठं कटर घेऊ नका, त्यात एवढंसं नख कुठे आहे तेच दिसत नाही. आपलं घरातलं नेलकटर चालतं का? नवीन आणि धारदार असेल तर लहान पिल्लाच्या पातळ नखाला चालतं, मिरीच्या जाड नखाला मी लावून बघितलं तर ते कापण्याऐवजी दाबून चिरत होतं. कापताना नख चपटं होतंय किंवा त्याचे उभे तुकडे निघतायत म्हणजे धार गेलीये असं समजा आणि थांबा. बॅटरीवर चालणारे घासायचे ग्राइंडर पण मिळतात पण आवाज आणि कंपनाने ही घाबरट जात आणखीच घाबरते आणि लांब केसवाल्यांचे केस त्यात अडकतात, मी नाही वापरत.

बाकी मोबाइलचा टॉर्च, एका वाटीत कॉर्नफ्लॉवर, कापसाऐवजी स्वच्छ सुती कापडाचा तुकडा (कापसाचे धागे नखाला चिकटतात), आणि गुंडाळायला जुन्या सुती साडीचा किंवा बेडशीटचा मऊ तुकडा. अंघोळीचा टर्किश टॉवेल नको. सगळे टॉवेलच सांगतात, पण वाढलेलं नख त्या टॉवेलच्या फासांमध्ये अडकतं आणि घाबरून पाय ओढला की नख मुळातून उपटतं. नखं नीट झाल्यावर हवा तर टॉवेल घ्या.

आणि लाच. ढोबळी मिरचीच्या पट्ट्या, कोथिंबिरीच्या काड्या, काकडी. मी बुधवारी गंगेवरच्या (म्हणजे गोदाकाठच्या) बाजारातून कोथिंबीर आणते, तिची एक जुडी यांच्या नावाने वेगळीच असते. द्राक्षांचा सीझन आहे आणि घरात पेटी आलीये म्हणून घोसच्या घोस देऊ नका, साखर फार असते, एखादं पुरे.

कधी आणि कुठे

सकाळी. भरपूर उजेड हवा. आमच्या सासूबाई दिवेलागणीला नखं कापू देत नाहीत, माणसांची पण नाही आणि गिनी पिगची पण नाही, आणि या कामापुरतं तरी त्यांचं अगदी बरोबर आहे, ट्यूबलाइटच्या उजेडात शीर दिसत नाही. थंडीत आम्ही गॅलरीत कोवळ्या उन्हात बसतो. एप्रिल-मेमध्ये मात्र सकाळी आठच्या आत उरका, कारण गिनी पिगला २७-२८ अंशांच्या वर गेलं की त्रास व्हायला लागतो, आणि इथे दुपारी पारा ४० ला टेकतो, त्यात कापडात गुंडाळून धरलं तर उष्माघात व्हायला वेळ लागत नाही. गणपतीच्या आधी आमच्याकडे संध्याकाळी ढोलपथकांची प्रॅक्टिस असते, एक ठोका पडला की ही दोघी दचकून उडतात, हातात कात्री असताना ते नको.

जमिनीवर सतरंजी टाकून बसा. खुर्चीत, टेबलावर, बेडवर नको. गिनी पिग उडी मारतं पण त्याला नीट उतरता येत नाही, दोन फुटांवरून पडलं तरी पाय किंवा मणका मोडू शकतो.

धरायचं कसं

यात घाई करू नका, कारण नख कापणं दहा टक्के आहे आणि धरणं नव्वद टक्के. नवीन गिनी पिग असेल तर आधी चार-पाच दिवस कात्रीच काढू नका. रोज मांडीवर घ्या, कोथिंबीर द्या, ती खाताना एकेका पायाला नुसता हात लावा, एक बोट दोन सेकंद धरा, सोडा. हे करून मग कापायला बसलात तर निम्मी धडपड कमी होते.

उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, नेहमीच. काखेत धरून लोंबकळत ठेवायचं नाही. आणि पाठीवर उताणं पाडायचं नाही, काही लोक बाळासारखं उताणं करून मांडीवर धरतात, त्याने ते गप्प बसतं म्हणून वाटतं की आवडतंय. तसं नाहीये. हा शिकार होणारा प्राणी आहे, फार घाबरला की दगडासारखा गोठतो. गप्प आहे म्हणजे आरामात आहे असं कधीच धरून चालू नका, डोळे बघा, कडेचं पांढरं दिसायला लागलं असेल किंवा श्वास जोरात चालला असेल तर खाली ठेवा. दात कटकट वाजवत असेल तर राग आलाय, तेव्हा पण थांबा.

आम्ही दोघं मिळून करतो. मी मांडी घालून बसते, मिरीची पाठ माझ्या पोटाला टेकवते, तिचं ढुंगण माझ्या मांडीवर पूर्ण टेकलेलं, डावा हात छातीखालून आडवा. साडीच्या तुकड्यात पोट आणि तीन पाय सैलसर गुंडाळायचे, जो पाय कापायचा तो बाहेर. सैलसर म्हणजे आपली दोन बोटं आत जातील एवढं, छाती दाबली गेली तर त्यांना श्वास घेता येत नाही. माझी मुलगी समोर बसून तोंडाशी मिरचीची पट्टी धरते आणि कात्री माझ्या उजव्या हातात. एकट्याने करायचं असेल तर गुंडाळू नका, मांडीवर कोथिंबिरीचा ढीग ठेवा, ते खात असताना मागून एकच पाय हलकेच उचला, दोन नखं झाली की सोडा.

पाय कसा धरता ते महत्त्वाचं. पुढचा पाय पुढच्या दिशेने, मागचा पाय मागच्या दिशेने, त्यांचा पाय नैसर्गिक जसा हलतो तसाच, बाजूला फाकवायचा नाही. अख्खा पाय मुठीत पकडला की ते जोरात ओढतात, त्यापेक्षा एकच बोट आपल्या अंगठा आणि तर्जनीत धरायचं आणि केस मागे सारायचे. त्याने ओढलं तर आपण उलट ओढायचं नाही, बोटाबरोबर आपला हात पण जाऊ द्यायचा.

कापणं: पांढरी नखं

टॉर्च नखाच्या खालून धरा, गुलाबी भाग कुठे संपतो ते बघा, तिथून दोन मिलिमीटर पुढे कात्री लावा. नख पंजाला काटकोनात सरळ न छाटता जरासं तिरकं कापायचं, म्हणजे पाय टेकवल्यावर कापलेली बाजू जमिनीशी समांतर बसते. टक. झालं. एका नखाला एक घास.

काळी नखं

मिरीची चौदाच्या चौदा काळी. टॉर्च लावून कधी कधी शिरेची सावली दिसते पण जाड नखात तीही दिसत नाही, मग मी चार गोष्टी बघते.

नख खालच्या बाजूने बघितलं तर टोकाकडे एक खोबण असते, पोकळ पन्हाळीसारखी. ती जिथपर्यंत आहे तिथे बहुतेक शीर नसते. म्हणजे सुरुवात तिथून करायची.

दुसरं, कात्री लावून लगेच कापायचं नाही, आधी हलकेच दाबायचं. नस जवळ असेल तर गिनी पिग पाय झटकतं किंवा अंग आखडतं, मग कात्री आणखी टोकाकडे घ्यायची. पायाला हात लावला तरी झटकणारं जनावर असेल तर याचा उपयोग नाही, म्हणून तर वरची चार-पाच दिवसांची सवय.

तिसरं, जाड तुकडा कधीच काढायचा नाही. एका वेळी एक मिलिमीटर, सुपारीच्या कातरणाएवढं, आणि प्रत्येक कापानंतर कापलेल्या तोंडाकडे बघायचं. सुकं, पांढरट, खडूसारखं दिसतंय तोवर पुढे जाता येतं. मधोमध गडद, ओलसर, चमकणारा ठिपका दिसला की थांबायचं, कितीही लांब वाटत असलं तरी थांबायचं. त्या ठिपक्याच्या पुढचा एक काप म्हणजे रक्त.

आणि चौथं, एक नख पांढरं असेल तर आधी ते कापून त्याच्यावरून बाकीच्यांचा अंदाज घ्यायचा. बुंदीला हे लागू पडतं. पण प्रत्येक बोटाची वाढ वेगळी असते त्यामुळे अगदी त्याच मापाने कापू नका.

गोल फिरलेल्या नखाला आणखी एक काळजी. शीर पण त्याच्याबरोबर वळलेली असते, आणि वळणाच्या आतल्या पोकळीत गवताचे धागे आणि लेंड्या चिकटून बसतात. आधी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडाने पुसून घ्या, म्हणजे नख कुठे आणि घाण कुठे ते कळतं. कात्रीचं टोक वळणाच्या आत घालताना तळव्याची कातडी चिमटीत येत नाहीये ना ते दोनदा बघा.

चौदाच्या चौदा एका बैठकीत झालीच पाहिजेत असं काही नाही. पहिल्या महिन्यात मी एका दिवशी एकच पाय करायचे.

रक्त आलंच तर

येतं. किती पण काळजी घ्या, कधीतरी येणार. आवाज चढवू नका, घरातल्यांना गोळा करू नका, ते किंचाळलं तरी तुम्ही हळू बोला. नखाचं टोक कॉर्नफ्लॉवरमध्ये बुडवा आणि कापडाने दाबून धरा, पूर्ण दोन-तीन मिनिटं, मध्येच उघडून बघायचं नाही, बघितलं की गुठळी निघते आणि परत पहिल्यापासून. थांबलं नाही तर पुन्हा पीठ, पुन्हा पाच मिनिटं. रक्त थांबवायची स्टिप्टिक पावडर मिळते, ती असेल तर उत्तमच. दाढीची तुरटी पण रक्त थांबवते पण झोंबते, अगदी काही नसेल तरच. हळद मी नाही लावत, कारण त्या पिवळ्या रंगात रक्त थांबलं की वाहतंय तेच कळत नाही.

नंतर तासभर स्वच्छ सुती कापडावर ठेवा, भुशात किंवा गवतात नको. पंधरा-वीस मिनिटं दाबूनही वाहतच असेल किंवा नख मुळातून उपटलं असेल तर डॉक्टर. त्या दिवशी नीट खातंय का तेही बघा. गिनी पिगचं पोट सतत चालू असावं लागतं, अर्धा दिवस काहीच खाल्लं नाही तर वाट न बघता दाखवायला न्या.

आणि रक्त आलं म्हणून पुढचे तीन महिने कात्री कपाटात ठेवू नका. मिरीच्या आधीच्या घरी हेच झालं होतं, एकदा रक्त आलं, घाबरले, परत कापलंच नाही. नख वाढतच राहिलं आणि शीर पण.

मिरीचे अडीच महिने

दर आठ ते दहा दिवसांनी एक मिलिमीटर, कधी त्याहून कमी. पहिले तीन आठवडे बघून काही फरकच वाटत नव्हता, नवरा म्हणाला पण, हे काय नुसतं टोक टोक करतेस. मी प्रत्येक वेळी पायाचा फोटो काढायचे, कॅलेंडरवर तारखेपुढे कुठला पाय झाला ते लिहायचे, आणि किचनच्या वजनकाट्यावर वजन. मोठं गिनी पिग साधारण ७०० ग्रॅम ते सव्वा किलो असतं, आकडा किती यापेक्षा तो आठवड्याला घसरत नाहीये ना ते बघायचं, कारण पाय दुखत असला की ते हलत नाही आणि खाणं कमी होतं. पाचव्या आठवड्यात जुने फोटो शेजारी ठेवले तेव्हा पुढच्या पायांचा फरक स्पष्ट दिसला, आणि मग एक दिवस ती गवताच्या ढिगावर स्वतः चढली, आल्यापासून पहिल्यांदा.

तळव्यांसाठी जमीन बदलली. ती जाळीच्या पिंजऱ्यात आली होती, जाळीत नखं अडकतात आणि तळवे कापतात, ती काढून सपाट तळ आणि वर सुती कापडाच्या दोन घड्या. पावसाळ्यात इथे दोन-दोन दिवस कापड वाळत नाही, पण ओलं कापड पायाखाली राहिलं की तळवे मऊ पडतात, म्हणून जुन्या चादरी कापून सात-आठ जोड करून ठेवलेत. गवताच्या टोपलीसमोर शहाबादी फरशीचा एक तुकडा ठेवलाय, येता-जाता टोकं थोडी झिजतात, पण त्याच्या भरवशावर कापायचं सोडू नका, आणि विटा किंवा पॉलिश पेपर तर अजिबात ठेवू नका.

ढोबळी मिरची मी फक्त लाच म्हणून देत नाही. आपल्या शरीरात जसं व्हिटॅमिन सी तयार होत नाही तसंच गिनी पिगच्याही होत नाही, ते कमी पडलं की सांधे दुखतात, जखमा भरत नाहीत, आणि असा लंगडणारा प्राणी बघून आपण नखांनाच दोष देत बसतो. मिरची, कोथिंबीर, पेरूची फोड, यातलं काहीतरी रोज. गाईम्हशींचा लसूणघास मात्र मोठ्यांना रोज नको, कॅल्शियम जास्त असतं, मूतखडा होतो. साधं वाळलेलं गवत भरपूर आणि घरच्या कुंडीतल्या दुर्वा.

एक शेवटचं, कारण मला स्वतःला हे कोणी सांगितलं नव्हतं. वय झालेल्या गिनी पिगच्या पुढच्या तळव्यांना कडेला कातडीचा एक कडक कोंब येतो, घट्ट्यासारखा, बघून वाटतं जास्तीचं नख आलंय. ते नख नाही. नखासारखं मुळापासून छाटायला गेलात तर रक्त येईल. पहिल्यांदा डॉक्टरांकडून बघून घ्या कुठपर्यंत सुकं आहे ते.

मिरीचं मागच्या डाव्या पायाचं बोट अजून थोडं आडवंच पडतं, इतके दिवस वाकडं राहिल्यावर तेवढं राहणारच असं डॉक्टर म्हणाले. त्या नखाला जमीन लागत नाही म्हणून ते झिजतही नाही, बाकीची तेरा नखं महिन्यातून एकदा आणि ते एक दर दहा दिवसांनी, सकाळी, कोथिंबिरीच्या एका काडीत होऊन जातं.